तुझी पायली बदलली त्याबद्दल

रोहा, जि. रायगड

टास्क मॅनेजरा,

परवा धाटावच्या एका ट्रान्सपोर्टवाल्यांनी दोन लॅपटॉप आणून माझ्या टेबलावर ठेवले. दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे, एकाच दिवशी घेतलेले. एकावर विंडोज 11 चढवलेलं, दुसरा अजून विंडोज 10 वर. दोन्हींवर एकच अँटिव्हायरस होता. मी दोन्हींवर स्कॅन लावलं आणि तुला उघडलं. दहावाल्यावर तू सीपीयूचा आकडा नव्वदीच्या पुढे दाखवत होतास, अकरावाल्यावर पन्नास-पंचावन्न. स्कॅन मात्र दोन्हींचं जवळपास एकदमच संपलं. मालक बराच वेळ पडद्यांकडे बघत होते. मग म्हणाले, "दादा, यातला खरं कोण बोलतोय?"

दोन्ही खरं बोलतायत, असं मी सांगितलं. पंधरा-वीस मिनिटं समजावतही होतो, पण त्यांच्या कपाळावरची आठी काही गेली नाही. जाताना म्हणाले, "दहावाला दमलाय ना, मग तो काढूनच टाकतो." तो दमलेला नव्हता. पण तुझा आकडा समोर असताना माझ्या शब्दाला काय वजन? ते गेल्यावर शटर अर्धं ओढलं आणि हे पत्र लिहायला घेतलं.

आपली ओळख जुनी आहे. रोह्याच्या स्टेशनात मध्य रेल्वेची हद्द संपते आणि कोकण रेल्वेचा शून्य किलोमीटर सुरू होतो. त्या स्टेशनपासून चालत यावं एवढ्या अंतरावर माझं दुकान आहे, आणि वीस वर्षांहून जास्त काळ मी तिथे लोकांची कॉम्प्युटरं उघडून बसलो आहे. पेणच्या गणपती कारखान्यांची बिलं छापणारे पीसी माझ्याकडे येतात, लग्नाचे अल्बम करणाऱ्या स्टुडिओंचे येतात, दाखले काढून देणाऱ्या सेवा केंद्रांचे येतात, कॉलेजच्या पोरांचे सेकंडहँड लॅपटॉप येतात. बहुतेकांची तक्रार एकच: स्लो झालाय. कोणी सरळ सांगतं, फॉरमॅट मारून दे. मी आधी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबतो आणि तुला विचारतो. वैद्याने आधी नाडीवर बोट ठेवावं तसं.

एक्सपीच्या काळात तू काळ्या चौकटीत हिरवी रेघ काढायचास. तुझा जन्म त्याही आधीचा. डेव्ह प्लमर नावाच्या प्रोग्रॅमरने तुला लिहिलं आणि 1996 च्या विंडोज एनटी 4 मध्ये तू पहिल्यांदा लोकांसमोर आलास. त्या वेळी तुझं सगळं बिऱ्हाड शंभर किलोबाइटांच्याही आत मावत होतं. त्या माणसाने तुझ्यात घातलेली एक काळजी मला फार आवडते. तू स्वतःच अडकलास आणि कोणी त्याच तीन कळा पुन्हा दाबल्या, तर विंडोज आधी तुला जागं करायला बघतं. दहा सेकंदांत तू भानावर आला नाहीस, तर दुसरा टास्क मॅनेजर उभा करतं. सगळं थिजलेलं असताना निदान तू यावास, हा विचार ज्याने केला त्याने मशीनसमोर हतबल बसलेला माणूस नक्की पाहिला असणार.

तुझ्यातला पहिला मोठा बदल माझ्या धंद्याच्या कामी आला तो 2012 मध्ये, विंडोज 8 बरोबर. त्याआधी प्रोसेसर आणि मेमरी एवढंच तू ठळकपणे सांगायचास. आठपासून तू प्रत्येक प्रोग्रॅमपुढे डिस्कचा रकाना दिलास आणि जिथे ओझं जास्त तिथे रंग गडद केलास. मला आठवतंय, एका सेवा केंद्राचा पीसी आला होता. बाहेर दाखल्यांसाठी माणसं उभी आणि आत सातबाऱ्याचं पान उघडायला पाच मिनिटं. प्रोसेसर सात टक्के, डिस्क शंभर टक्के. दुखणं कुठे आहे ते तू बोटाने दाखवलंस.

लॅपटॉपमधली साधी हार्ड डिस्क मिनिटाला 5400 फेरे घेते, म्हणजे सेकंदाला 90. हवा असलेला मजकूर सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा थांबावं लागतं, वर सुईचा हात सरकायचा वेळ वेगळा. विखुरलेल्या छोट्या फायली मागितल्या तर सेकंदाला शंभरही हाती लागत नाहीत. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, ती हजारोंनी देते. त्या केंद्रात आम्ही एसएसडी टाकली, जुनी डिस्क जशीच्या तशी तिच्यावर क्लोन केली, आणि तोच पीसी पुढे कितीतरी वर्षं दाखले देत राहिला. अशी किती यंत्रं तुझ्या त्या एका रकान्यामुळे भंगारात जायची वाचली, ते मी मोजलेलं नाही. पण ती वाचली ती तुझ्यामुळे.

2020 च्या मे महिन्यातल्या आवृत्तीत तू डिस्कच्या नावापुढे एसएसडी की एचडीडी ते लिहायला लागलास. वर बसलेल्या कोणाला ही बारीकशी भर वाटली असेल. लगेच जूनच्या 3 तारखेला निसर्ग चक्रीवादळ आलं. आमच्या भागात कुठे आठ-आठ दिवस, कुठे त्याहून जास्त वीज नव्हती. पुढे शाळा मोबाइलवर आणि लॅपटॉपवर सुरू झाल्या, तेव्हा आईबापांनी मिळतील तिथून वापरलेले लॅपटॉप आणले. एका बाईंना "एसएसडीवाला" म्हणून विकलेला लॅपटॉप माझ्याकडे आला. मी झाकण न उघडता तुझं पान त्यांना दाखवलं. डिस्कखाली स्वच्छ एचडीडी लिहिलेलं होतं. त्यांनी फोनवर फोटो काढला, विकणाऱ्याला पाठवला आणि फरकाचे पैसे परत घेतले. त्या तीन-चार अक्षरांनी त्यांच्या बाजूने साक्ष दिली.

2022 मध्ये तू रूप पालटलंस. वरचे टॅब डावीकडे गेले, काळी पार्श्वभूमी आली, एखाद्या प्रोग्रॅमला सबुरीने चालायला सांगणारा एफिशियन्सी मोड आला. नंतर शोधायची चौकटही आली. हात बसायला मला आठवडा लागला, त्याबद्दल काही म्हणणं नाही. मेमरीच्या वेगापुढचं मेगाहर्ट्‌झ काढून तू मेगाट्रान्सफर लिहायला लागलास, तेही बरोबरच केलंस. डीडीआर मेमरी घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा माल पोचवते. 2400 हा आकडा पोचवलेल्या खेपांचा आहे, ठोके 1200 च असतात. आकडा तोच ठेवून तू त्याचं नाव खरं केलंस.

आता मूळ गोष्टीवर येतो. 2025 च्या मध्यापासून विंडोज 11 च्या 24एच2 आवृत्तीत तू सीपीयू मोजायची रीत बदललीस, आणि हा बदल आधीच्या सगळ्यांपेक्षा खोल आहे. बाकीचे बदल डोळ्यांना दिसले. हा दिसला नाही. पडद्यावर तोच रकाना, तेच नाव, तेच टक्क्याचं चिन्ह. आत माप मात्र दुसरं.

माझे आजोबा कुंडलिका नदीपलीकडच्या खाचरांत भात लावायचे. भात तेव्हा वजनावर जात नसे, मापावर जात असे: अधोली, पायली, मण, खंडी. पायली चार शेरांची, हे सगळ्यांना पाठ. पण शेर कोणाचा? घरची पायली वेगळी, व्यापाऱ्याची वेगळी, आणि व्यापारी खंडीमागे किती खातो यावर ओटीवर रात्र-रात्र बोलणं चालायचं. मापांचा कायदा 1956 चा, आणि 1958 पासून टप्प्याटप्प्याने किलो आला. नवं माप चांगलंच होतं, आजोबाही ते मान्य करायचे. तरी कितीतरी वर्षं ते किलोत ऐकलेलं पायलीत फिरवून मगच मान डोलवायचे. माप बदललं की माणसाला जुन्या आणि नव्याचा हिशोब एकदा तरी समोरासमोर मांडून हवा असतो. तू तो मांडला नाहीस, हे माझं गाऱ्हाणं आहे.

तुझी जुनी पायली कामाची होती. प्रोसेसरच्या कपाळावर जो मूळ वेग लिहिलेला असतो, त्या वेगाने तो अखंड राबला तर जेवढं काम होईल ते शंभर, असं तू धरायचास. पण आजचे प्रोसेसर मूळ वेगाने थोडेच चालतात. 1.6 गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर ओझं आलं की 3.2 वर पळतो. मग तो निम्मा वेळ मोकळा बसला तरी त्याने मूळ वेगाच्या हिशोबाने शंभर टक्के काम केलेलं असतं. शंभराच्या वर तू जायचा नाहीस, म्हणून तिथेच टेकायचास आणि लोकांना वाटायचं, प्रोसेसर मेटाकुटीला आला. नवी पायली वेळेची आहे. गेल्या क्षणात प्रोसेसरचा किती वेळ कामात गेला, एवढंच ती सांगते. वरच्या उदाहरणात ती पन्नास दाखवेल. तुझं डिटेल्सचं पान आधीपासून वेळच मोजत होतं, त्यामुळे विंडोज 10 वर आजही तुझ्याच दोन पानांत एकाच प्रोग्रॅमचे दोन आकडे निघतात. आता सगळ्या पानांवर एकच रीत आली आणि बाकीच्या कंपन्यांच्या साधनांशीही ती जुळली. लिनक्सवर तुझ्यासारखाच टॉप नावाचा प्रोग्रॅम आहे, त्याची तऱ्हा आणखी वेगळी: तो एका कोअरला शंभर धरतो, म्हणून आठ कोअरवर पसरलेला प्रोग्रॅम तिथे आठशेपर्यंत जातो. जगात मापं अनेक आहेत आणि तू वेळेचं निवडलंस. मी त्या निवडीच्या बाजूने आहे.

का आहे, ते सांगणं सोपं नाही, तरी सांगतो.

एक बाई घरून डीटीपीचं काम करायच्या. पत्रिका, अहवाल, गणेशोत्सव मंडळांच्या पावत्या. लॅपटॉप स्लो म्हणून माझ्याकडे आल्या. मी तुला उघडलं. सीपीयू शंभर टक्के, मिनिटभर खाली येईना. मूळ वेग 1.6, आणि शेजारीच चालू वेग तीनच्या वर लिहिलेला होता. तो मी वाचला, पण त्याचा अर्थ लावला नाही. त्यांना सांगितलं, ताई, प्रोसेसर पुरत नाही, नवा घ्या. त्यांनी बचत गटातून कर्ज काढून नवा घेतला. वर्षभराने तोच जुना लॅपटॉप त्यांच्या भाच्यासाठी माझ्याकडे परत आला. त्या वेळी मी सवड काढून नीट पाहिलं. मागे अँटिव्हायरसचं स्कॅन, मेमरी 4 जीबी आणि ती काठोकाठ भरलेली, डिस्क फिरती. प्रोसेसर निम्मा वेळ डिस्कची वाट बघत बसलेला. एक एसएसडी आणि मेमरीची एक पट्टी टाकली, लॅपटॉप सुतासारखा चालायला लागला. नव्या लॅपटॉपच्या कितीतरी कमी पैशांत हे झालं असतं. त्या ताई भेटल्या तेव्हा मी त्यांना खरं काय ते सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "तेव्हा सांगितलं असतंत तर दोन वर्षांचे हप्ते वाचले असते." ते वाक्य अजून माझ्या कानात आहे. चूक माझी होती, मापाचा अर्थ ठाऊक नसताना मी माप वाचून दाखवलं. पण आज त्या रकान्यात पन्नास दिसलं असतं, तर माझी नजर आपोआप मेमरीकडे आणि डिस्ककडे गेली असती. म्हणून तुझा नवा आकडा मला हवासा वाटतो.

आणि तरीही जुना आकडा मरू नये असं वाटतं. त्याचंही कारण टेबलावरचंच आहे.

आमच्याकडे चार महिने भिंतींना ओल असते. रॅमच्या पट्ट्यांवर हिरवट थर धरतो, खोडरबराने घासून काढावा लागतो. मे महिन्यात उकाडा असा की पंख्याखाली बसलेल्याचा शर्ट पाठीला चिकटतो. लॅपटॉपच्या जाळीत धूळ आणि कापडाचा भुसा यांचा वाकळीसारखा थर बसतो, आतली पेस्ट वाळते, आणि प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. 2.4 गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर 0.8 वर आला, तर त्याचा सगळा वेळ कामात जात असला तरी काम होतं एक तृतीयांश. जुन्या मापाने तू तिथे तेहतीसच्या आसपास थांबायचास. मशीन गुदमरतंय आणि आकडा तेहतीसच्या वर जात नाही, हे दिसलं की मी ब्लोअर हातात घ्यायचो. नव्या मापाने तू शंभर म्हणशील. तेही खरंच, वेळ सगळा गेला आहे. पण गुदमरलेला शंभर आणि धडधाकट शंभर दिसायला सारखेच.

रोह्यात पुलावर उभं राहून कुंडलिका पाहणाऱ्याला हे लवकर कळेल. भर उन्हाळ्यात, आजूबाजूचे ओढे कोरडे पडलेले असताना, कोलाडला लोक रबरी होड्या घालतात त्या कशाच्या जोरावर? मुळशीच्या धरणाचं पाणी घाटावरून उतरून भिऱ्याच्या वीजघरात चाकं फिरवतं आणि मग कुंडलिकेत येतं. भिऱ्याला 1927 पासून वीज होते आहे. तिथे काय चाललंय ते ठाऊक नसेल, तर पुलावरून पाण्याची उंची पाहून नदीबद्दल बोलणारा चुकणारच. तुझ्या टक्क्याचं भिरा म्हणजे प्रोसेसरचा चालू वेग. परफॉर्मन्सच्या पानावर तो आकडा तू देतोस, पण ग्राहक ज्या पहिल्या पानावर अडकतो तिथे देत नाहीस.

जुनं माप तू टाकून दिलेलं नाहीस, हे मला माहीत आहे. डिटेल्सच्या पानावर रकान्यांच्या नावावर उजवी टिचकी मारायची, सिलेक्ट कॉलम्समध्ये जायचं, तिथे सीपीयू युटिलिटी नावाचा रकाना आहे. पण तो मुळात लपवलेला असतो. ज्याला ठाऊक आहे तोच शोधणार, आणि ज्याला ठाऊक आहे त्याला त्याची गरज सगळ्यात कमी. तो रकाना सगळ्यांसमोर मांड असं मी म्हणत नाही, तुझं पान आधीच दाटीचं आहे. माझं मागणं एवढंच आहे की सीपीयू या शब्दावर कोणी बाण नेऊन ठेवला तर एक ओळ दिसू दे: हा आकडा वेळेचा आहे, अमुक आवृत्तीपासून असा मोजतो, शेजारी चालू वेगही बघ. ती ओळ मराठीत असू दे. माझ्याकडे येणारी यंत्रं बहुतेक इंग्रजीतच चालतात, पण ती वापरणारी माणसं मराठीत विचार करतात आणि पैशाचा निर्णय तर मराठीतच घेतात. डिस्कच्या शंभर टक्क्यांबद्दलही अशीच एक ओळ हवी. तिथेही तू वेळच मोजतोस, डिस्ककडे काही ना काही मागणं पडून होतं असा वेळ. फिरत्या डिस्कला त्याचा अर्थ बऱ्याचदा "भरली" असा होतो, एसएसडीला तसा होत नाही. हे सांगितलं नाही तर एसएसडी टाकून घेतलेला ग्राहक दोन महिन्यांनी तो शंभर बघून मला जाब विचारतो.

हे सगळं मी आत्ताच का लिहितो आहे? विंडोज 10 चा साधा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. आमच्या तालुक्यात दहावर चालणारी यंत्रं भरपूर आहेत, आणि त्यातल्या कित्येकांवर अकरा रीतसर चढतच नाही, प्रोसेसर जुना किंवा टीपीएम नावाची सुरक्षेची सोय नाही म्हणून. त्यांच्यात तू जुन्याच पायलीने मोजत राहणार. म्हणजे इथून पुढे काही वर्षं माझ्या टेबलावर दोन टास्क मॅनेजर शेजारी-शेजारी बसणार, आणि जुन्या यंत्रातला तू नेमका जास्त ओझं सांगणार. माणूस आधीच घाबरलेला असतो. शेजारचा म्हणतो टाकून दे, जाहिरात म्हणते टाकून दे, त्यात तुझा फुगलेला आकडा. दहाचा आधार संपणं ही सुरक्षिततेची बाब आहे, तिचं उत्तर वेगळं द्यावं लागतं आणि मी ते देतो. पण प्रोसेसर थकला म्हणून यंत्र टाकू नये, तो थकलेला नसताना तर नाहीच.

ट्रान्सपोर्टवाल्यांना मी दुसऱ्या दिवशी फोन करून बोलावलं. अकरावाल्यावर तो लपलेला रकाना उघडून ठेवला होता. पुन्हा स्कॅन लावलं, आणि वेळेचा व कामाचा असे दोन्ही आकडे एकाच पडद्यावर शेजारी दाखवले. दहावाल्याशेजारी धरल्यावर कामाचे आकडे जवळजवळ जुळले. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे गाडी किती तास चालू होती ते एक, आणि किलोमीटर किती पडले ते दुसरं." मी आदल्या दिवशी वीस मिनिटं जे सांगत होतो ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. त्यांची गाडी धरमतरच्या बाजूला वाहतुकीत अडकली तर तास भरतात आणि किलोमीटर पडत नाहीत, हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार!

दहावाला ते काढत नाहीयेत. अकरा त्याच्यावरही चढतं, मॉडेल एकच आहे. फक्त त्याचा पंखा जरा आवाज करतो, म्हणून तो माझ्याकडेच ठेवून गेले आहेत. संध्याकाळी उघडतो.

तुझा,
रोह्याच्या बाजारपेठेतला एक दुरुस्तीवाला